सोबत चिमणी आहे

फोनवर मी काही खोटं बोलले नाही.
म्हटलं, सोबत चिमणी आहे.
सात रस्त्याजवळच्या लॉजचा मॅनेजर म्हणाला,
पिंजऱ्यात ठेवा, आवाज नको, चालेल.

मग गाडीतून आधी तिचं डोकं उतरलं,
आणि बराच वेळ बाकीची ती उतरत राहिली.
मॅनेजरने पेनाला टोपण लावलं.

मे महिना, दुपारचे चार.
कुणी तापला तवा शहरावर पालथा घालून
विसरून गेल्यासारखं ऊन.
उमरग्याहून निघालो ते पुण्याच्या दवाखान्यासाठी,
पण चिमणी मागच्या सीटवर नुसत्या धापा टाकत होती.
तौफिक म्हणाला, ताई, आज इथंच थांबू,
इंजिनापेक्षा हीच जास्त तापलीय.

पार्क चौकात म्हणाले, लहान असतं तर बघितलं असतं.
होटगी रोडच्या एसी हॉटेलात तर पाटीच होती,
पाळीव प्राण्यांचे स्वागत,
आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात : दहा किलोपर्यंत.
काउंटरवरची मुलगी चांगली होती बिचारी,
पाटीकडे बघितलं, चिमणीकडे बघितलं,
आणि बादलीभर पाणी आणून ठेवलं.
विजापूर रोडला एवढंच विचारलं, केवढं आहे?
मी हात गुडघ्यापाशी धरला.
चिमणी मागून आली, हाताशेजारी बसली,
आणि बसूनही माझ्या कमरेला लागली.
म्हैस म्हणून सांगू का, तौफिक म्हणाला,
म्हशीला नको म्हणायला लोक बिचकतात.

केवढं आहे.
याचं एकच उत्तर कसं देणार?
नऊ वर्षांपूर्वी स्टँडच्या पायरीवर सापडली
तेव्हा मुठीत मावत होती, म्हणून तर चिमणी.
मग मांडीत. मग मांडीत मावेना, तरी बसायची.
मग दारात आडवी झाली की
घरातल्या कुणाला कामावर जाता येत नसे.
दिगंबर गेले त्या वर्षी तर एवढी झाली
की पलंगाची त्यांची बाजू तिने भरून काढली,
उशीसकट.
आता डॉक्टर काट्यावर उभी करतात,
दर महिन्याला दोन किलो कमी.
उलटी निघालीय ती, मुठीकडे.

साखर पेठेतल्या बोळात गाडी शिरेना.
नरसम्मा यन्नम जिन्याच्या पायरीवर
सुपात शेंगा फोडत बसलेल्या.
केवढं आहे, हे त्यांनी विचारलंच नाही,
दिसतच होतं.
भाकरी खातंय का?
दुधात कुस्करून, म्हटलं.
कडक खाईल?
दात आहेत अजून.
मग आत घ्या की. दारात काय उभं करताय बाईमाणसाला.

रजिस्टरात नाव, गाव, येण्याचं कारण.
'सोबत' या रकान्यापाशी त्यांनी वर बघितलं.
चिमणी, म्हटलं.
हसल्या नाहीत. लिहिलं,
इतर नावांपेक्षा जरा मोठ्या अक्षरात.

खोलीत जमिनीवर चादर अंथरून दिली,
मोरांची, त्यातल्या एका मोराला तुराच नाही.
मागावर चुकलेला माल, विकत नाही आम्ही हे,
तिला काय करायचाय तुरा.

भिंतीपलीकडे टॉवेलचे माग चाललेले,
खटॅक खटॅक, खटॅक खटॅक.
मला झोप येईना, तिला लगेच लागली.
अडीचच्या सुमाराला लाईट गेली,
माग थांबले.
एकदम एवढी शांतता
की मी अंधारात हात लांब करून
तिची बरगडी शोधली.
वर. खाली.
वर.
लाईट आली तरी हात तिथंच ठेवला.

पहाटे बिल केलं : खोली एक, बाई एक,
तौफिक ओट्यावर झोपला त्याचे काही नाहीत.
हिचे किती झाले? मी विचारलं.
येताना द्या की, नरसम्मा म्हणाल्या,
आणि केसांनी भरलेली चादर, न झटकता,
गाडीत मागच्या सीटवर पसरून आल्या.

मोहोळ येईपर्यंत तौफिक गप्प होता.
मग म्हणाला, परतीला गाडी
बोळाच्या बाहेरच लावू,
पण सावली बघून.