मंगळवार, १ जानेवारी १९८०

शारजात, इंडस्ट्रियल एरिया दहामध्ये,
गुलनवाजच्या भंगारात फ्रीजच्या दारांखाली तो पडला होता.
चाळीस दिरहम. कीबोर्ड धरून पंचेचाळीस.
"मॅडम, इसका करोगे क्या?"
म्हटलं, बोलता करीन.
तो हसला, आणि वायर फुकट दिली.

दिवसा मी बँकेत जुन्यांना दार लावते.
अमुक सालाआधीचा प्रोटोकॉल, बंद.
तमुक लांबीहून आखूड किल्ली, बंद.
नियम मी लिहिते, सही मी करते,
मग इत्तिहाद रोडवर दीड तास ब्रेक दाबत घरी येते
आणि ज्याला सकाळी हाकललं
त्यालाच रात्री पाट मांडून देते.

डॉसचा सोर्स आता खुला आहे.
असेंब्लीच्या हजारो ओळी, कुणाही सोम्यागोम्याने वाचाव्यात.
एका ठिकाणी, मेमरी परत करायच्या रूटीनपाशी,
कुणीतरी शेरा मारलाय: उद्या नीट करतो.
खाली नाव नाही.
तो उद्या ऑगस्टातल्या एका शुक्रवारी उजाडला,
रोल्यात सातव्या मजल्यावर, एसी टपकत असताना.
मी दोन ओळी बदलल्या.
शेरा तसाच ठेवला.

सहाशे चाळीस के.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
इथे आधी पायच कापावे लागले.
विमानतळावर काट्यासमोर लोक बॅग उघडून बसतात ना,
तीस किलोत बसवायला,
आधी टँगची बरणी बाहेर, मग इस्त्री,
मेव्हण्याचे बूट सरळ पायात,
तशी मी लायब्ररी उघडून बसले.
एरर मेसेज काढले. जास्तीचे सायफर काढले.
उरलेले काही बाइट स्क्रीनच्याच मेमरीत ठेवले.
अंगावर घातलेलं सोनं वजनात धरत नाहीत.

पहिलं हस्तांदोलन चार मिनिटं अकरा सेकंद चाललं.
पलीकडचा सर्व्हर माझाच. त्याला सांगून ठेवलेलं,
थांब जरा, म्हातारा आहे, येतोय.
तो पोचला दारापर्यंत
आणि दारातूनच म्हणाला:
प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही.

बॅटरी मेलेली. त्याच्या लेखी
आज मंगळवार, १ जानेवारी १९८०.
मी जन्मायची आहे.
खिडकीतून दिसणारे टॉवर अजून वाळू आहेत.
तो स्वतःसुद्धा अजून बनायचा आहे,
पण नियम म्हणजे नियम,
जे झालंच नाही त्यावर विश्वास कसा ठेवायचा?
व्हिसाच्या खिडकीतल्या एका माणसाने
मलाही एकदा असंच, इतक्याच सभ्यपणे,
दोन दिवसांच्या फरकासाठी परत पाठवलं होतं.

मग त्याला आधी वेळ विचारायला शिकवलं.
एक छोटंसं पाकीट, उघडं, त्यात गुपित काही नाही:
किती वाजले?
समोरून आकडा आला.
चाळीसहून जास्त वर्षं त्याने एका दमात गिळली.
ढेकरसुद्धा नाही.

पुन्हा चार मिनिटं.
मी भांडी घासून घेतली.

सर्व्हरवरच्या फाइलीत एकच शब्द होता,
इथे उतरलेला प्रत्येकजण घरी पहिल्यांदा पाठवतो तो.
मीही पाठवला होता.
शेवटची मात्रा तेवढी याच्यासाठी बदलली.

स्क्रीनवर पंधरा चिन्हं आली.
अल्फा, डोक्यावर लाट घेतलेला एन, एक कोन.
अल्फा, तोच एन पण थोरला, दोन टिंबांचा आय.
अल्फा...
याच्या काळात देवनागरी त्याच्यापर्यंत आलीच नव्हती.
त्याने जे हाती लागलं ते मांडलं.

गुलनवाजला फोटो पाठवला.
लगेच व्हॉइस मेसेज:
"ये तो खराब है, मॅडम. पैसे वापस ले जाओ."

स्क्रीनवर बोट ठेवून
मी तीन तीन चिन्हं मोजली, दोनदा,
आणि रिकाम्या खोलीत मोठ्याने वाचलं:
पोचलो.