सातवा खड्डा

दहावीच्या निरोपाला यंदा बापलेकांचा गोल्फ.
मैदानात नऊ खड्डे, त्यांत तेलाचे डबे कापून बसवलेले,
आणि सगळ्यांत मिळून चार काठ्या,
बिराजदार सरांनी कुणाकडून तरी मागून आणलेल्या.

नाना रात्रपाळी संपवून थेट आले,
कानात बोळे तसेच, भुवयांवर सुताची तूस.
"मारताना कुणी बोलायचं नाही," सर म्हणाले.
नाना तसेही बोलत नाहीत;
मागांच्या खडखडाटात सवयच गेली.

सातव्याला माझा चेंडू
भिंतीपलीकडं वेड्या बाभळीत.
फेब्रुवारीतच सोलापूरचं ऊन.
आम्ही दोघं वाकून.

"अकरावीला पुणंच का?"
"हो."
"हं."
पायातला काटा काढला त्यांनी.
"तिथं भाकरी मिळती का?"
"पोळी असेल."
"कडक भाकरी देईल तुझी आई. महिनाभर टिकती."

ताण्यातल्या दोन हजार धाग्यांतला
एक तुटला तरी दारातून ओळखणारा माणूस.
पांढरा चेंडू त्याच्या चपलेपासून वीतभर लांब.

"नाही रे दिसत," म्हणाला,
आणि पुढच्या झुडपाकडं वळला.

मीही गेलो मागोमाग.
पलीकडून सरांची शिट्टी वाजतच होती.