रकाना नववा : इतर

अक्कलकुव्याच्या पुढे सागाचा डेपो ओलांडला
की डांबराचा रंग बदलतो.
इथपर्यंत आपलं, तिथून गुजरातचं.
मधले बावीस मीटर कुणाच्याच निविदेत नाहीत,
तिथे नुसती खडी.

त्या खडीच्या कडेला, सादड्याच्या झाडाखाली
मला एक खुर्ची मिळाली, एक टॉर्च,
आणि सात दिवसांचे तक्ते.
चार रेघा उभ्या, पाचवी तिरपी.
गिरासे साहेब म्हणाले,
"डुलकी लागली तरी रेघ चुकवू नको.
रस्ता किती पदरी, ते या रेघा ठरवणार."

गुणांक पहिल्याच दुपारी पाठ झाले.
मोटार एक. ट्रक तीन. सायकल अर्धी.
बैलगाडी आठ, कारण ती वाट अडवते.
जो जितकी जागा खाईल
तितका तो मोठा.
पायी माणसाला गुणांक नाही,
तो कडेकडेने जातो.

काळी-पिवळी येते, खडीपाशी थांबते.
परमिट संपलं.
माणसं उतरतात, बोचकी डोक्यावर घेतात,
कोंबडीचे पाय पुन्हा आवळून बांधतात,
बावीस मीटर चालतात.
पलीकडे दुसऱ्या पाटीची जीप
इंजिन चालू ठेवून उभीच.
मी लिहिते : जीप एक, पश्चिमेकडे.
खोडते. ती तर वळली.
जीप एक, पूर्वेकडे.
मधली सतरा माणसं
माझ्या कागदावर कुठून आली नाहीत
आणि कुठे गेलीही नाहीत.

मोगीबाई पाडवी आमचुराचं पोतं टेकवून
माझ्याच सावलीत बसते.
बाजारात शिकलेल्या अहिराणीत विचारते,
"काय मोजी ऱ्हायनी वं माय?"
गाड्या.
"आनि आमले?"
मी तिला तक्ता दाखवते. ती बघते,
जसं कुणी दुसऱ्याच्या घरातलं पंचांग बघावं,
आणि एक फोड माझ्या हातावर ठेवते.
दात आंबतात संध्याकाळपर्यंत.

चौथी रात्र. दोन वाजून दहा.
आपल्याकडची ॲम्ब्युलन्स खडीपाशी आली
आणि जीपसारखीच थांबली.
पलीकडची आधीच आलेली, दिवा फिरत होता.
हिचं स्ट्रेचर तिच्या पट्ट्यांवर बसेना.
मग चौघांनी चादरीची टोकं धरली,
वसाव्यांची सून, पहिलटकरीण.
रुमशा ड्रायव्हरने सलाईनची बाटली उंच धरली.
टॉर्च माझ्याकडे होता.

खुर्ची सोडू नको, असं नियमात आहे.

खडी पायाखाली सरकत होती.
एवढीच काय ती वाट,
पण कुणीतरी दर पावलाला म्हणत होतं, हळू, हळू.
दार लागलं. दिवा सागबाऱ्याकडे गेला.
मी परत येऊन लिहिलं : ॲम्ब्युलन्स दोन.
मग नवव्या रकान्यात, इतर,
पेन्सिल बराच वेळ टेकलेली राहिली.

पाचव्या दिवसापासून मी सगळेच मोजले.
दप्तरवाली पोरं, करडू घेतलेली म्हातारी,
दोनदा मोगीबाई, एकदा पोत्यासकट, एकदा रिकामी.
गिरासे साहेबांनी बेरीज पाहिली, चष्मा वर केला.
"हे कशाने गुणू?"
मला माहीत नव्हतं.
त्यांनाही नव्हतं, हे त्यांनी लपवलं नाही.
स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून
समासात पेन्सिलीने लिहिलं :
दोन राज्यं, एक बस, एक परमिट?
प्रश्नचिन्ह जरा जास्तच गिरवलं.
मग सादड्याकडे पाहिलं.
खोडावर पिवळ्या रंगात एकशे चौदा,
रुंदीकरणात येणारं.
बुंध्यावर हात ठेवून म्हणाले,
"बस धावली, तर चार पदर लागणार नाहीत."
बोलले मलाच,
की एकशे चौदाला, कळलं नाही.

सातव्या संध्याकाळी तक्ते दोऱ्याने बांधले,
खुर्ची टेम्पोत टाकली.
शहादा येईपर्यंत
आपलं काहीतरी राहिलं, असं वाटत राहिलं.
तळोद्यापाशी आठवलं :
भगूभाईचं चहाचं खोपटं पलीकडे.
सात दिवस, दिवसातून तीनदा,
जाणं आणि येणं.
मी मला मोजलंच नव्हतं.