आपल्याकडून

इंग्रजी मेलमध्ये सोय आहे.
'वी' लिहिलं की झालं,
त्यात आत कोण, बाहेर कोण, कोणी विचारत नाही.
मराठीत फोन उचलला की पंचाईत:
आम्ही म्हणू, की आपण?

महाप्यात, एमआयडीसीच्या नाल्याकडे पाठ करून उभ्या इमारतीत
तिसऱ्या मजल्यावर बसते मी.
कोड लिहीत नाही,
लिहिणाऱ्यांच्या मध्ये उभी राहते.
इकडे आमचे अकरा जण.
तिकडे इचलकरंजीत, सुताच्या गोदामावरच्या माळ्यावर चौघं.
त्यांचा म्होरक्या सुधन्वा चिकोडीकर,
ज्याच्या प्रत्येक कॉलमागे यंत्रमाग खडखडायचा
आणि जो म्हणायचा,
"म्यूट केलं तर तुम्हाला वाटेल, मी गेलो."

तुर्भ्याच्या वजनकाट्यांसाठी होतं सगळं.
ट्रक चढतो, आकडा येतो, पावती निघते.
काट्याकडचं त्यांनी लिहायचं, पावतीचं आम्ही,
आणि मधल्या जागेचा सतरा पानी कागद,
दोन्हीकडच्या सह्यांचा:
कुठला रकाना, किती अंक, किलो की क्विंटल.
कागद कसला, बांधच तो.
बांधावरचं गवत कोणी कापायचं
हे सतराव्या पानावरही नव्हतं.

दर मंगळवारी अकराला कॉल.
सुधन्वाचं "झालं" म्हणजे
लिहिलं, तपासलं, मग जेवलो.
आमच्या ऋतुपर्णचं "झालं" म्हणजे
आज सुरू करतो.
एक्सेलमध्ये मी दोन्ही हिरवीच रंगवायचे.

एकदा आला होता तो इकडे, भडंगाची पिशवी घेऊन.
गेटवर त्याच्या फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवला,
गळ्यात नारिंगी पट्टी: अभ्यागत.
जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला
तो ती पट्टी हातानं झाकून नमस्कार करत होता.

फेब्रुवारीतला गुरुवार, पहाटेचे तीन.
काट्यावरच्या इस्माईल तांबोळीचा फोन:
"मॅडम, अठराशे किलो लसूण चढवलाय,
पावती म्हणते अठरा.
अठरा किलोला ट्रक कशाला आणेल हो कोणी?"
हसलो दोघंही.
मग तो म्हणाला, मागे बावीस गाड्या आहेत.

सुधन्वानं चाळीस मिनिटांत त्याच्या बाजूनं दुरुस्ती दिली.
चूक त्याच्या बाजूला नव्हती.
पावतीचा रकाना क्विंटलवरून किलोवर
आम्ही आणला होता, बुधवारी दुपारी.
ऋतुपर्णनं. मला सांगून.
त्यांना सांगायचं माझ्याकडून राहिलं.

सकाळी अहवाल लिहिला, इंग्रजीत.
अडचण पार्टनरच्या बाजूला आढळली,
पार्टनरनं ती दूर केली.
दुसरं वाक्य खरं होतं.

एप्रिलमध्ये करार वाढवला नाही.
माझ्या अहवालाचा विषय कोणी काढला नाही,
तो फक्त जोडलेला होता, तिसऱ्या क्रमांकावर.
चौघांचा प्रवेश बंद करायचा होता.
सुधन्वाचं नाव शेवटी ठेवलं, जेवून आल्यावर काढलं.
अर्ध्या तासात त्याचा मेसेज:
"मॅडम, पासवर्ड चालेना.
आपल्याकडून काही राहिलंय का?"

आता कोइमतूरची तमिळसेल्वी आहे, तिची सहा माणसं,
नवा कागद, एकोणीस पानी.
काल जुना कोड वाचताना ती अडली.
एका ओळीवर देवनागरी. वाचून दाखव, म्हणाली.
इथे क्विंटल येतात.
बदलायचं झालं तर आधी आपल्यात बोलू.

मी इंग्रजीत सांगायला लागले,
बदलण्याआधी, वी...
तिनं मध्येच थांबवलं.
"कुठलं वी?
आमच्या तमिळमध्ये दोन आहेत."

आमच्यातही, मी म्हटलं.
मग खुर्ची पुढे ओढली
आणि तिला त्या गुरुवारची गोष्ट सांगायला घेतली,
बुधवारपासून.