शनिवारचा भाव

कुमासीत माणसं कुठल्याही वारी मरतात,
पण पुरली जातात शनिवारी.
म्हणून माझा आठवडा एकाच दिवसाचा;
बाकीचे सहा एकतर त्याची तयारी
नाहीतर त्याची वसुली.

काल रात्री वहीतलं पान फाडून
दर लिहायला बसले.
अर्धा दिवस : आठशे सेडी.
खोडलं. सातशे.
सुआमेपर्यंत टॅक्सी साठ, सामान असेल तर ऐंशी,
आणि सामान असतंच.
जनरेटर मध्येच मान टाकतो, तेव्हा बॅटरी माझी.
काळ्या कापडाशेजारी काळी कातडी,
मागे पांढराफेक मांडव, उन्हाने पेटलेला :
या तिघांना एकाच चौकटीत सांभाळून घ्यायचं,
म्हणजे कुणाचाच चेहरा विझणार नाही,
हे फोनला अजून जमत नाही.
याचे किती?
या ओळीसमोर पेन बराच वेळ उभं होतं.

मास्टर ओपोंग सांगायचे,
आधी खुर्च्या मोज, मग तोंड उघड.
खुर्च्या भाड्याच्या असतात पोरी,
पण त्या मागवणाऱ्याची छाती घरची असते.
त्यांच्या काळी जागच्या जागी प्रिंट निघायची,
लोक दहा-दहाच्या नोटा हातात धरून
आपलाच चेहरा विकत घ्यायला रांगेत.
आता प्रत्येकाच्या हातात आपापला चेहरा आहे
आणि मला विचारतात,
"पाठवशील ना सगळे? व्हॉट्सअॅपवर?"

आज ट्वुमासी मास्तरांचं होतं.
चारशे खुर्च्या. मोजल्या.
मांडवामागे, भाताच्या पातेल्यांजवळ,
त्यांची थोरली आफ्रिये हळू आवाजात म्हणाली,
"सेर्वा, तू तर घरचीच. पाचशे घे, आणि जेवून जा."
तिकडे माईकवर एकेकाचं दान पुकारलं जात होतं,
मेव्हण्यांकडून तीनशे, देव त्यांचं भलं करो,
चर्चच्या बायकांकडून सहाशे वीस,
दर आकड्याला टाळ्या.
तेवढा माझाच आकडा
पातेल्याच्या झाकणाखाली.

मी काही बोलणार, तेवढ्यात वर पाहिलं.
रस्त्यापलीकडे खांबाला बांधलेले मास्तर,
दोन माणसांच्या उंचीचे, हसत.
दात दिसताहेत, एक डोळा अर्धा मिटलेला,
शर्टावर कसलासा डाग.

तो फोटो माझा.

तीन वर्षांपूर्वी, नातीच्या नामकरणाला,
पहाटे, पाहुणे यायच्या आधी,
उजेड कितपत आहे बघायला म्हणून म्हटलं होतं,
मास्तर, जरा इथे उभे राहता का?
"कसा उभा राहू?" त्यांनी विचारलं.
कसेही. हा फोटो मोजायचा नाही.
ते हसले. मी बटण दाबलं.
मग ते आत जाऊन केंटे पांघरून आले,
आणि पुढचे पैसे दिलेले एकशे बारा फोटो
ताठ बसले.

तो पाकिटात नव्हता, ठरलेल्यात नव्हता.
नंतर एकदा त्यांनी मागितला, मी पाठवला.
फुकट गेलेल्या वस्तूची पावती नसते.

"काय म्हणतेस?" आफ्रिये.
सांगू का हिला, वरच्या माणसाचे किती होतात?
की विचारू,
दुसऱ्या एकशे बारांपैकी एकही का नाही टांगलात?
तिचे डोळे सुजलेले होते. भाडेकरी खुर्च्यांचा माणूस
तिच्यामागे हिशोबाचा कागद घेऊन उभाच.
"सहाशे," मी म्हटलं. "आणि जेवण."
ती थोडी चिडली, थोडी हलकी झाली.
मीही.

भात बरा होता. मासा खारट.
दुपारभर काम केलं, नेहमीपेक्षा जास्तच केलं,
रागाने की कशाने कोण जाणे.
म्हाताऱ्या अडोवा नाचायला उठल्या तेव्हा
त्यांचे हात फक्त टिपले,
तेही कुणी मागितलं नव्हतं.

रात्री कार्ड रिकामं करत होते,
फोन वाजला. अनोळखी आवाज, नुकता रडलेला :
येत्या शनिवारी मोकळी आहेस का?
आठशे, मी म्हटलं.
सामानाची टॅक्सी वेगळी.

कोण गेलं, ते त्यानंतर विचारलं.