टिमकी

काटा म्हणतो, काहीच घटलेलं नाही.
चौऱ्याहत्तर किलो. गेल्या साली तेवढाच.
मन्सूराच्या दवाखान्यातली चष्मेवाली डॉक्टर इंजी
काट्याकडे बघतसुद्धा नाही.
शहाताच्या कानशिलावरच्या खळग्यात अंगठा टेकवते,
मग दंड चिमटीत धरते.
"पोटातलं पाणी वजा करा, आजी," म्हणते,
"उरेल तो तुमचा नवरा."

वजा केलं.
बासष्ट उरला.

हाच गडी कापसाची गासडी पाठीवर घेऊन
वखारीची फळी चढायचा,
ओठातली सिगारेट विझू न देता.
आज म्हणाले, हात न टेकता खुर्चीतून पाचदा उठा.
दोनदा उठला.
तिसऱ्यांदा माझ्याकडे बघून हसला,
खुर्चीचंच काही बिघडल्यासारखा.

फोटो दाखवला मला.
कमरेपाशी माणूस आडवा कापला तर दिसेल तसा.
मणक्याच्या दोन्ही अंगांना मांस,
आणि मांसात शिरलेल्या पांढऱ्या रेघा.
मला वाचता येत नाही, पण मांस कळतं.
चाळीस वर्षं कसायाशी भांडले आहे.
असला तुकडा मी परत केला असता.

शाळेच्या अंगणात रांग होती तेव्हा.
कालव्यातल्या किड्यावरचं सरकारी औषध,
काचेची एकच सुई,
एकाच्या दंडातून काढून दुसऱ्याच्या दंडात.
शहाता सत्ताविसावा.
रडलो नाही, हे अजून सांगतो.
तो जंतू दोन वर्षांमागे गोळ्यांनी गेला.
गेला, पण भाडेकरू जातो तसा,
घराची कौलं उतरवून.

इंजी म्हणते, रात्र लांबू देऊ नका.
आपण झोपलो की यकृत आपल्याला कोठारातलं पुरवतं.
याचं कोठार रिकामं.
मग पहाटेपर्यंत अंग अंगालाच खातं,
सरपण संपलं की आधी खाट, मग दार
चुलीत घालावं, तसं.
तुमच्या तीन दिवसांचा उपास
त्याच्या एका रात्रीत.

शेजारची झकीया म्हणते, अंडं नको,
लिव्हरवाल्याला नुसता मध.
इंजी म्हणते, अंडं द्या, पावटे द्या, दही द्या.
मी इंजीचं ऐकते.
झकीयाचा नवरा मधावरच गेला.

तीस वर्षं रमजानात गावाला हाच उठवायचा.
टिमकी गळ्यात, दारोदार, नाव घेऊन:
उठा, खाऊन घ्या, फटफटायच्या आत.
त्याच्या दाराशी त्याचं नाव कुणी घेतलं नाही,
घेणारा तोच होता ना.
यंदा म्हणाले, रोजे धरायचे नाहीत.
तेव्हा मात्र रडला.

आता रमजान नाही.
सफरचा साधा महिना, रात्रीचे दहा.
खिळ्यावरची टिमकी काढते,
लाकडी चमच्यानं दोन ठोके,
गाव जागं होऊ नये इतपत.
शहाता, अब्दुस्समीच्या पोरा,
ऊठ. खा.

एक डोळा उघडतो.
अर्धं अंडं चावत चावत म्हणतो,
ठेका चुकला तुझा.
आणि मीठ कुठंय?