झिजलेली कडी

नेर्लेकर बाई गुजरीत आल्या साखळी डागून घ्यायला,
आणि मोबाईल माझ्या चिमट्याशेजारी टेकवून म्हणाल्या,
हे बघा.
काळ्या समुद्राच्या वरचं कुठलंसं माळरान,
मातीचा ढिगारा, आत एक बाई. अडीच हजार वर्षं.
अंगावरचं सगळं जिथल्या तिथं.

गळ्यात सोन्याचं कडं, दोन्ही टोकांना सिंहाची तोंडं.
हाताशी कंगवा, काशाचा आरसा.
टोपीवर पत्र्याची हरणं, पाय पोटाशी घेतलेली.
शक लोक, बाई म्हणाल्या.
माझी नजर आपसूक भिंतीवर गेली:
कॅलेंडरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'शके', पुढं आकडा.
रोज बघतो. कुणाचे, हे कधी विचारलं नव्हतं.

मी भिंग लावलं, फोटोलाच.
लोक शिंगं बघत असतील, मी कडी बघितली.
वरच्या अंगानं झिजून केसाएवढी राहिलेली.
म्हटलं, बाई, हे पुरायसाठी घडवलेलं नव्हं.
वापरातलं हाय.
घोड्यावर हिंदकळलेलं,
पोराला पाजताना मागं सारलेलं.
आणि चौथ्या हरणाचा मागचा पाय बघा, आखूड.
ठसा सरकलाय. घाईत होता गडी.

आमच्याकडं असं काही मागं राहत नाही.
माघात बावड्याच्या इंदूआक्का गेल्या.
पंचगंगेवर न्यायच्या आधी साज उतरवला,
जोडवी निघेनात, तर साबण लावला.
तोंडात गुंजभर सोनं, तेवढंच सोबत.
तेही झारेकऱ्यानं राखेतनं चाळून काढलं असंल.
तेराव्यानंतर लेक साज घेऊन आली. मोड करा.
बहिणी दोघी, वाटणी सारखी पाहिजे.

लाख काढून एकेक पान मुशीत टाकलं.
मासा लगेच गेला.
कासव जरा वेळ तग धरून होतं.
मग चंद्र, वाघनख, भुंगा,
सगळं मिळून एक पिवळा थरथरता थेंब.
साज माझ्या वडलांच्या हातचा.
भुंग्याच्या पाठीला त्यांची एक चूक होती,
मलाच ठाऊक.

बाईंच्या साखळीला डाक दिली, पाण्यात विझवली.
शेजारची कडीबी झिजलीय, म्हटलं, बदलू का?
त्या ती कडी बोटांत फिरवत राहिल्या.
नको, म्हणाल्या.
अजून टिकेल.